फसवणूक की चकवा?

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ वाचून संपवणाऱ्यांचे दोन तट पडतात, आणि हे १९२६ पासून चालत आले आहे. एक तट म्हणतो, ॲगाथा ख्रिस्तीने आम्हाला फसवले. दुसरा म्हणतो, तिने सगळे डोळ्यांसमोर मांडले होते, आपलेच लक्ष नव्हते. रहस्यकथांबद्दल मतभेद नेहमीच होतात; कुणाला शेवट आधी कळलेला असतो, कुणाला गुप्तहेरच आवडत नाही. इथला मतभेद मात्र आवडीनिवडीच्या पलीकडचा, थेट नीतीचा आहे. लेखकाने वाचकाशी कसे वागावे यावर इतकी वर्षे भांडण व्हावे, असे फार थोड्या कादंबऱ्यांच्या वाट्याला आले. त्या भांडणात कोण काय म्हणाले आणि त्यातले काय टिकते, ते इथे पाहायचे आहे. खुन्याचे नाव न घेता ते शक्य नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी हा लेख इथेच मिटवावा आणि आधी ती वाचावी. पहिल्या वाचनाचा तो धक्का एकदाच मिळतो, आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कुणाही समीक्षकाला नाही.

किंग्ज ॲबट हे इंग्लंडमधले एक खेडे. तिथले डॉक्टर जेम्स शेपर्ड आपल्याला गोष्ट सांगतात. मिसेस फेरार्स ही श्रीमंत विधवा व्हेरोनल या झोपेच्या औषधाची जादा मात्रा घेऊन गेली आहे. वर्षभरापूर्वी तिने नवऱ्याला विष घातले होते आणि ते ठाऊक असलेला कुणीतरी तिच्याकडून पैसे उकळत होता. मरण्याआधी ती त्याचे नाव पत्राने रॉजर ॲक्रॉइडला कळवते. ते पत्र हाती पडते त्याच रात्री ॲक्रॉइड आपल्या अभ्यासिकेत सुऱ्याने मारला जातो, पत्र नाहीसे होते आणि त्याचा सावत्र मुलगा राल्फ पेटन परागंदा होतो. शेपर्डच्या शेजारी निवृत्त होऊन भोपळे पिकवत बसलेला हर्क्युल पॉयरो तपास हाती घेतो. त्याचा नेहमीचा सोबती हेस्टिंग्ज अर्जेंटिनात असल्यामुळे ती जागा डॉक्टर भरून काढतात. होम्सला वॉटसन, तसे पॉयरोला शेपर्ड. शेवटच्या प्रकरणांत कळते की पैसे उकळणारा आणि खून करणारा हा डॉक्टरच. या युक्तीचे श्रेय ख्रिस्तीने आत्मचरित्रात एकटीकडे घेतलेले नाही. बहिणीचे यजमान जेम्स वॉट्स बोलता बोलता म्हणाले होते की हल्ली कुणीही गुन्हेगार निघतो, मग एखादा वॉटसनच का निघू नये. पुढे लॉर्ड लुई माउंटबॅटन यांनीही पत्र लिहून तशीच कल्पना सुचवली. कल्पना अनेकांना सुचते. ती शेवटपर्यंत पेलणे हे वेगळे काम आहे.

१९२५ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये ही कादंबरी क्रमशः छापून आली तेव्हा तिचे नाव ‘हू किल्ड ॲक्रॉइड?’ असे होते. पुस्तक पुढच्या वर्षी जूनमध्ये निघाले. परीक्षणे बहुतेक कौतुकाचीच होती. नाराजी उघडपणे मांडणाऱ्यांत सर्वांत वजनदार आवाज होता विलर्ड हंटिंग्टन राइट या अमेरिकी समीक्षकाचा. एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावाने स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्या राइटने १९२७ मध्ये निकाल दिला की ही युक्ती रहस्यकथाकाराच्या न्याय्य साधनांत बसत नाही आणि तिच्यामुळे पॉयरोच्या कामाचाही परिणाम वाया जातो. पुढच्याच वर्षी रहस्यकथाकार डोरोथी सेयर्सने त्याला उत्तर दिले. तिचे म्हणणे असे की हा राग म्हणजे हुशारीने गंडवले गेल्याचा नैसर्गिक चडफडाट आहे. आवश्यक ती सगळी माहिती पुस्तकात दिलेली आहे, आणि प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे. १९२९ मध्ये फादर रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवले आहेत तो गुन्हेगार असू नये, असे पहिल्या नियमात म्हटल्यावर त्यांना थबकावे लागले. ख्रिस्तीबाईंची काही कामगिरी पाहता हा नियम नेमका मांडणे अवघड आहे, असे त्यांनीच लिहून ठेवले आणि नियम थोडा सैल केला: गुन्हेगार ठरणाऱ्या पात्राला काहीच उमजत नाही असा आव लेखकाने आणू नये. एका कादंबरीमुळे नियम करणाऱ्याला नियमाची शब्दयोजना बदलावी लागली, हीच त्या काळातली मला सर्वांत बोलकी प्रतिक्रिया वाटते. रहस्यकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’मधून ख्रिस्तीला या पुस्तकापायी काढून टाकणार होते, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट मात्र आख्यायिकाच आहे. तो क्लब स्थापन झाला १९३० मध्ये आणि संस्थापक सभासदांत ती स्वतः होती. सेयर्सच्या मृत्यूनंतर अध्यक्षपदही तिच्याकडे आले.

मराठीत फसवणूक आणि चकवा हे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक इथे उपयोगी पडतो. फसवणूक करणारा खोटा माल खरा म्हणून गळ्यात मारतो. चकवा लागतो तो ओळखीच्या रानात. वाट तीच असते, झाडे तीच असतात, आणि माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरत राहतो. उजाडल्यावर पाहिले तर काहीच हललेले नसते. ॲक्रॉइडवरचे जवळजवळ सगळे बरेवाईट शेरे या दोन शब्दांत वाटता येतात, आणि शेरा देणारा कोणत्या वाचनावरून बोलतो आहे यावर ते अवलंबून असते असे माझे मत आहे. एकदाच वाचलेल्या माणसाला अंधार आठवतो. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला उजेडात तीच वाट दिसते. या कादंबरीचा न्याय दुसऱ्या वाचनावर व्हायला हवा, कारण ती त्याच वाचनासाठी बांधलेली आहे.

खुनाची जागा जवळून पाहू. पत्र अभ्यासिकेत येते तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी असतात. ॲक्रॉइड वाचायला लागतो, मध्येच थांबतो, आणि उरलेले एकट्याने वाचीन म्हणतो. शेपर्ड त्याला ते लगेच वाचण्याचा आग्रह करतात, पण ॲक्रॉइड हा असा हट्टी माणूस की आग्रह केला की हमखास उलट वागेल, हेही ते जाता जाता सांगून टाकतात. मग ते वेळ नोंदवतात: निघताना नऊला दहा कमी, पत्र अजून न वाचलेले. दाराच्या मुठीवर हात ठेवून ते क्षणभर मागे वळून पाहतात आणि काही करायचे राहून तर गेले नाही ना, असा विचार करतात. पहिल्या वाचनात हा काळजीवाहू डॉक्टर असतो. दुसऱ्या वाचनात खोलीत खुर्चीवर प्रेत असते. बोलणे दोन-चार मिनिटांचे आहे आणि वेळ दहा मिनिटांचा लावला आहे. मधली मिनिटे दोन वाक्यांमधल्या पांढऱ्या जागेत पडलेली आहेत. तेवढ्यावर लेखिका थांबत नाही. शेपर्ड बंगल्याच्या फाटकाशी पोचतात तेव्हा चर्चचे घड्याळ नऊचे ठोके देत असते. ते अंतर पाच मिनिटांचे, लागली दहा. हा हिशेब वाचकाला कुठेही दुसरीकडून मिळवावा लागत नाही. दोन्ही आकडे शेपर्डनेच दिलेले असतात. शेवटच्या प्रकरणात तो हेच वाक्य पुन्हा काढतो, आपण खोटे काहीच लिहिले नाही म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि मधल्या जागी चांदण्यांची एक ओळ टाकली असती तर कुणाला शंका आली असती का, असे विचारतो. नुकताच पकडला गेलेला खुनी आपल्या गद्यशैलीचे कौतुक करतो आहे, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. सुटे शब्द खरे असतील, पण त्यांची एकूण छाप खोटी आहे, मग ते खोटेच नव्हे का? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचे शब्दही खरेच होते, तरीही जमिनीपासून वर चालणारा त्याचा रथ खाली आला. ख्रिस्तीने १९६६ मध्ये एका मुलाखतीत आपला नियम सांगितला होता: काही गाळणे अन्याय्य नाही, खोटे विधान करणे अन्याय्य आहे. एवढ्यावर तिला सोडून द्यावे का? मी सोडणार नाही, कारण हा नियम एकटा अपुरा आहे. तांत्रिक खरेपणाने कुणी माणूस प्रामाणिक होत नाही. पण हा दोष कुणाच्या पदरात पडतो ते पाहावे. अर्धसत्य बोलतो तो शेपर्ड. धर्मराजाचे पाप व्यासांना लागत नाही, उलट रथ खाली आला हे आपल्याला व्यासच सांगतात. ख्रिस्तीनेही शेपर्डचा रथ खाली आणला आणि तो कसा चालत होता हे त्याच्याच तोंडून वदवले. त्याने हे का लिहिले, याचे कारण पुस्तकात आहे. हेस्टिंग्ज पॉयरोचे पराक्रम लिहितो हे त्याने वाचलेले असते आणि हा तपास फसणार याची त्याला खात्री असते. पॉयरोच्या अपयशाची हकिगत म्हणून ती एक दिवस छापायची, असा त्याचा बेत असतो. म्हणजे लपवाछपवी लेखिकेने वाचकासाठी वरून चिकटवलेली नाही. पकडले जाऊ नये म्हणून लिहिणारा माणूस जसे लिहील, तसेच हे लिखाण आहे. पॉयरोला तो हस्तलिखित वाचायला देतो तेव्हा त्याचा शेराही तोच असतो: फार विनयाने लिहिले आहे, स्वतःला मागे ठेवले आहे.

नॉक्स यांच्या सुधारलेल्या नियमावर कादंबरी उतरते का? शेपर्ड अनेकदा गोंधळलेला दिसतो, आणि अनेकांना यातच लबाडी वाटते. मला तर त्या गोंधळातच लेखिकेचे सर्वांत बारीक कसब दिसते. या घरात प्रत्येकजण काहीतरी लपवतो आहे. तळ्यात सापडलेली अंगठी, उन्हाळी घरातले पिसाचे देठ, फाटकापाशी भेटलेला अनोळखी माणूस, चोरीला गेलेले चाळीस पौंड, यांतले बरेच शेपर्डला खरोखरच ठाऊक नसते. त्याहून मोठी गोष्ट ॲक्रॉइडची पुतणी फ्लोरा हिच्या जबानीची. पावणेदहाला काकांना शुभरात्री म्हणून आले, असे ती सांगते. आठ पन्नासला तो माणूस मेला होता हे त्या घरात एकट्या शेपर्डला माहीत आहे. तिने चोरी झाकण्यासाठी खोटे सांगितले, हे त्यालाही नंतर कळते. तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल? तो तिथे चकित होतो ते नाटक नाही. लेखिकेने त्याला खऱ्या आश्चर्याची कारणे पुरवून ठेवली, म्हणून त्याला खोटे आश्चर्य दाखवण्याची वेळच फारशी येत नाही.

दोष नाहीत असे मी म्हणत नाही. साडेनऊला मेलेल्या माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून डिक्टाफोन, तो ठरल्या वेळी सुरू व्हावा म्हणून डॉक्टरांनी स्वतः जोडलेली यंत्रणा, तो दारातून दिसू नये म्हणून पुढे ओढलेली खुर्ची, आणि प्रेत सापडताना आपण हजर असावे म्हणून स्टेशनवरून परक्या माणसाकरवी करवलेला टेलिफोन: एवढे सगळे सायंकाळच्या थोड्या तासांत जुळवायचे! यंत्रे खोलून बसण्याचा डॉक्टरांना नाद आहे हे लेखिकेने आधी सांगून ठेवले, तरी ही गुंफण ताणलेली वाटते. मेजर ब्लंटसारखी पात्रे ठोकळेबाज आहेत. पॉयरोने खुन्याला रात्रभराची मुदत देऊन आत्महत्येचा रस्ता सुचवणे हे आज वाचताना खुपते, आणि खुपायलाच हवे.

दुसरा मोठा हल्ला या कादंबरीवर नव्हताच, पण तिच्या नावावर झाला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने ‘न्यू यॉर्कर’मध्ये रहस्यकथांवर टीका केली. वाचकांची पत्रे आली, त्यांतली बहुतेक निषेधाची होती आणि अनेकांत अमुक लेखक वाचून पाहा असा सल्ला होता. विल्सनने सल्ला मानून आणखी पुस्तके वाचली आणि १९४५ च्या जानेवारीत दुसरा लेख लिहिला, त्याचे शीर्षक: ॲक्रॉइडला कुणी मारले याची पर्वा कोणाला? लेखात चर्चा होती मुख्यतः सेयर्स, मार्श, ॲलिंगहॅम या रहस्यकथा-लेखिकांची. धूम्रपान आणि शब्दकोडी यांच्या मध्ये कुठेतरी बसणारे हे एक व्यसन आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचे एक म्हणणे खरे आहे: बहुतेक रहस्यकथांत नाव कळले की पुस्तक संपते, पुढे हाती उरते ती रद्दी. पण शीर्षकासाठी त्याने नेमकी ती कादंबरी उचलली जिला हा नियम लागू पडत नाही. ॲक्रॉइडचा खुनी कळल्यावर ती नव्याने सुरू होते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५३ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात कादंबरीतल्या ‘मी’विषयी लिहिताना ख्रिस्तीच्या याच युक्तीचा दाखला दिला, तो उगाच नव्हे. प्रश्न खुनाचा राहिलेला नव्हता. ‘मी’ म्हणणाऱ्यावर आपण विश्वास का ठेवतो, हा झाला होता.

हा विश्वास किती तोडावा, यावर फ्रान्समध्येच पिएर बेयार याने १९९८ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. साहित्याचा प्राध्यापक आणि मनोविश्लेषक असलेल्या बेयारचा दावा असा की पॉयरो चुकला. शेपर्डचा स्वभाव, अपुरा वेळ आणि पुराव्यांतली भोके पाहता खुनी तो नसून त्याची बहीण कॅरोलाइन आहे, भावाला वाचवण्यासाठी तिने हे केले आणि तिला वाचवण्यासाठी तो मरतो. ही वाचकाची मस्ती म्हणून झटकून टाकण्यासारखी गोष्ट नाही. निवेदक अविश्वसनीय असेल तर त्याची कबुलीच का विश्वसनीय मानायची, हा प्रश्न बिनतोड आहे. तरी मला बेयार पटत नाही, आणि कारण पुराव्याचे नसून सुराचे आहे. बहिणीसाठी खोटी कबुली देणारा माणूस पश्चात्ताप दाखवेल, घाई करेल, कदाचित जास्तच तपशील देईल. शेपर्ड मागे जाऊन आपली वाक्ये कुरवाळतो. ती ऐट दुसऱ्यासाठी प्राण देणाऱ्याची असू शकत नाही.

राहिला विश्वासाचा प्रश्न: वॉटसनने खोटे बोलू नये, हा वाचक आणि रहस्यकथा यांच्यातला न लिहिलेला करार होता आणि ख्रिस्तीने तो मोडला, ही तक्रार. तो मोडणारी ती पहिलीही नव्हती. चेखवने १८८० च्या दशकात ‘द शूटिंग पार्टी’ नावाने इंग्रजीत ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीत, आणि स्टाइन रिव्हरटन या नॉर्वेजियन लेखकाने १९०९ मध्ये असाच निवेदक वापरला होता. फरक इतकाच की ख्रिस्तीने तो वॉटसनच्या खुर्चीत बसवला, जिथे बसणारा बावळट पण भला असतो अशी वाचकाची सवय होती. पुस्तक तिने अर्पण केले बहिणीला, जिला मामुली वळणाची, खून, चौकशी आणि एकेकावर जाणारा संशय अशी रहस्यकथा आवडायची. वरून पाहिले तर ती तशीच आहे, आणि सवयीने चालणाराच चकव्यात सापडतो. तक्रार करणाऱ्या वाचकाच्या रागात मला म्हणूनच एक खरी गोष्ट दिसते. त्याने एका माणसावर जीव लावला होता. कोडे हुकले म्हणून माणूस इतका चिडत नाही, तो दुखावतो आहे. सेयर्सने या दुखावण्याला चडफडाट म्हटले, तिथे ती थोडी कठोर झाली.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘क्राइम रायटर्स असोसिएशन’च्या सहाशे सभासदांनी ‘ॲक्रॉइड’ला आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा ठरवले, १९९० च्या त्यांच्या यादीत ती पाचवी होती. कौल धंद्यातल्या माणसांचा आहे, त्यांना हातचलाखीचे कौतुक असणारच. सामान्य वाचकांच्या पसंतीत ख्रिस्तीचीच ‘अँड देअर वेअर नन’ तिच्या पुढे राहिली आहे आणि ते मला समजते. तिथे भीती सगळ्यांना सारखी मिळते. नाटक-चित्रपटांत तर ॲक्रॉइड फारशी वठली नाही. १९२८ च्या ‘अलिबाय’ नाटकात चार्ल्स लॉटनने पॉयरो केला आणि कॅरोलाइनच्या जागी एक तरुण मुलगी आणली गेली. डेव्हिड सुशेने पॉयरो केलेल्या २००० सालच्या टीव्ही-चित्रपटात शेवट पाठलागावर गेला. सगळा खेळ ज्या ‘मी’मध्ये आहे तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की दुसरे पात्र होऊन जातो.

कॅरोलाइनचा तो बदल ख्रिस्तीला लागला होता. तिची ती लाडकी व्यक्तिरेखा. आपल्या दुसऱ्या गुप्तहेराचे, मिस मार्पलचे, बीज कदाचित तिच्यातच असावे, असे तिने पुढे लिहिले. घराबाहेर न पडता गावातली प्रत्येक बातमी मिळवणारी ही प्रौढ कुमारिका पहिल्या वाचनात हसवते. दुसऱ्या वाचनात तिचा एक प्रसंग हसू देत नाही. पॉयरोच्या देखत ती भावाला दुबळा म्हणते, मी मोठी बहीण म्हणून तुला सांभाळले, नाहीतर तुझे काय झाले असते कोण जाणे, असे सुनावते, आणि मग पॉयरो अगदी सामान्य, खुनाचा विचारही मनात नसलेल्या, पण आत कुठेतरी कमकुवत असलेल्या माणसाची गोष्ट सांगू लागतो. शेपर्ड ती ऐकत तिथेच बसलेला असतो. शेवटी ज्या औषधाने मिसेस फेरार्स गेली तेच तो हाताशी घेतो. आपण पकडले जाऊ यापेक्षा कॅरोलाइनला ओळखता येईल, ही त्याची सर्वांत मोठी धास्ती राहिलेली असते, आणि तिला हे कधी कळू नये एवढे तो मागतो. किंग्ज ॲबटमध्ये ज्या गोष्टी सर्वांच्या आधी तिला कळत असत, त्यांतली ही एकच तिच्यापासून लपून राहिली का, हे कादंबरी सांगत नाही.